मोठं मूल दत्तक घेताना



आमची लेक नऊ वर्षांची असताना डोंबिवलीच्या घरी आली. "किती नशीबवान आहेस गं!" असं भेटणारे मायेने म्हणत. ती मात्र रात्री उशाखाली भाकरी लपवून ठेवायची. आम्ही रागावलो नाही. तिच्या नावाचा एक डबा केला आणि तो कधी रिकामा राहू दिला नाही. वर्षभराने उशाखालची भाकरी आपोआप बंद झाली.

मोठं मूल आपल्या आठवणी, आपली बोली घेऊनच येतं. तिच्या कातकरी बोलीतली गाणी आता आम्हीही शिकतो. नावही बदललं नाही.

अनाथ मूल ओळखीने परस्पर घेणं हा गुन्हा आहे. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच करावी. आठ वर्षांवरील मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ११० पर्यंत चालते, म्हणजे पन्नाशीतल्यांनाही वाव आहे. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेवक भेटायला येतात. त्यांच्यापासून अडचणी लपवू नका.

एवढंच मागणं: अशा मुलाकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवू नका. त्याला आधी विश्वास वाटू द्या.