मोड आणि घडणावळ

'जुने ते सोने' ही म्हण आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. परंतु निबंध संपवून घरी आलो की तेच जुने आपल्याला अडगळ वाटू लागते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या हिंगण्याच्या घरी या म्हणीची परीक्षा झाली. त्या परीक्षेत मी जे शिकले ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

ताईला पाहायला पाहुणे येणार होते. कवेलूचे घर पाडून स्लॅबचे बांधले त्याला चार वर्षे झाली, पण बैठकीत बसायला धड काही नव्हते. आईने ठरविले की माळ्यावरची पितळी भांडी मोडीत द्यायची आणि त्या पैशांतून प्लास्टिकच्या खुर्च्या व काचेचे नवे ग्लास आणायचे. त्या भांड्यांत आजीच्या आंदणातला गुंड होता. त्याच्यावर टिंबांनी कोरलेले नाव आजीला कधी वाचता आले नाही. मी दुसरीत असताना ते तिला पहिल्यांदा वाचून दाखविले होते. म्हणून मी हट्ट धरला की गुंड विकायचा नाही, तो बैठकीत मांडायचा.

बाबा एमआयडीसीत कामाला आहेत. ते हसले आणि म्हणाले, "ज्याच्या घरी नवं हाय, त्यालेच जुनं शोभते, बेटा. आपल्या घरी जुनं दिसलं त लोक म्हनतीन, यायच्यापाशी नवं घ्याले पैसे नाही."

बाबांचे बोलणे मनाला लागले, कारण ते खोटे नव्हते. आजकाल मोठ्या रस्त्यांवरच्या हॉटेलांत बंडीची चाके, कंदील आणि जाती मांडलेली दिसतात. आमच्यासारख्यांच्याच घरांतून अशा वस्तू बाहेर पडल्या. तेथे त्यांना हौस म्हणतात, आमच्या घरी त्यांनाच गरिबी म्हणतात. मग जुनी वस्तू ठेवावी ती कशासाठी?

याचे उत्तर मला मोडीच्या हिशेबातच सापडले. नवे भांडे घेताना आपण धातूचे पैसे देतो आणि वर घडणावळ देतो. घडणावळ म्हणजे कारागिराच्या हाताची मजुरी. तेच भांडे मोडीत देताना काट्यावर फक्त वजन होते. धातूचा भाव मिळतो, घडणावळीचा एक पैसाही मिळत नाही. ठोकून आणलेली गोलाई, काठाची वळण, कोरलेले नाव, हे सारे भट्टीत जाते. पितळी भांड्यांसाठी आपल्या विदर्भात भंडाऱ्याचे नाव आहे. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या हातठोक्या भांड्यांच्या कलेला तर युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मोडीच्या काट्याला मात्र ही कला दिसत नाही.

ही घडणावळ जपणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. आदल्या दिवाळीत मामांकडे पुण्याला गेले असता मी राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास ते जुन्या वस्तू जमवू लागले. त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला, त्याचेच नाव त्यांनी संग्रहाला दिले. पुढे हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मला वाटले होते, तेथे राजेरजवाड्यांचे वैभव पाहायला मिळेल. प्रत्यक्षात मी अडकित्ते, दिवे, कुलपे आणि पाय घासायच्या वज्र्या यांपुढेच अधिक वेळ उभी राहिले. सुपारी साध्या अडकित्त्यानेही कातरली जाते, तरी कोणीतरी त्याच्यावर नक्षी काढली होती.

परंतु घर म्हणजे संग्रहालय नव्हे. संग्रहालयात वस्तू विसावते, घरात तिला काम हवे. म्हणून आम्ही एकच नियम केला: जिला काम देता येईल ती वस्तू ठेवायची, बाकीची द्यायची. फुटलेला गंज आणि दोन चेपलेली पातेली मोडीत गेली. गुंड बैठकीच्या कोपऱ्यात आला, त्यात पाणी भरून गुलमोहराच्या फांद्या ठेवल्या. दोन लोखंडी पेट्या भिंतीला लावून त्यांच्यावर आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी अंथरली, ती बैठक झाली. पाडलेल्या घराचे सागवानी दार विटांवर आडवे ठेवले, तो चहाचा मेज झाला.

असे करताना काही गोष्टी ठाऊक असाव्यात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, तर कासे म्हणजे तांबे आणि कथील. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा आंबट वरण ठेवले की ते कळकते, म्हणजे धातू अन्नात उतरतो. यासाठी आतून कथलाचा थर देतात, तीच कल्हई. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि कथील कापसाने फिरवले की पसरते. स्टीलला ही कटकट नाही, म्हणूनच त्याने पितळेला स्वयंपाकघरातून हुसकावले. आम्ही पाहुण्यांना लिंबू पिळलेले तर्री पोहे स्टीलच्याच ताटल्यांत दिले. पितळी परात त्या ताटल्या नेण्यापुरती वापरली.

पितळ चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासून लगेच कोरडे करावे, ओले राहिल्यास डाग पडतात. लाकूड ठोकून पाहावे. पोकळ वाजले तर वाळवी समजावी आणि ते घरात आणू नये. चांगल्या लाकडावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. मात्र तेलाची चिंधी चुरगळून टाकू नये, ती आपोआप तापून पेटू शकते. ती उघडी पसरून वाळवावी. जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा खरवडू नये.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी गुंडावरच्या टिंबांवरून बोट फिरवले आणि विचारले, "कोनाचं आंदन?" एरवी पाहुण्यांसमोर न येणारी आमची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्या पेटीवर बसून अर्धा तास बोलली. नव्या खुर्च्यांकडे पाहून तिला कोणी काही विचारले असते, असे मला वाटत नाही. सोयरीक जमली नाही, पत्रिकेचे कारण निघाले. त्यात गुंडाचा दोष नव्हता आणि गुणही नव्हता.

त्या रात्री मी बाबांना मोडीचा हिशेब समजावून सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घडणावळ म्हंजे मजुरीच ना? मंग ते काहून सोडाची?"

ज्यांनी आयुष्यभर मजुरी केली त्यांना हे एका वाक्यात कळले, मला त्यासाठी एवढा लेख लिहावा लागला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर असे एखादे भांडे असेल. ते मोडीत देण्यापूर्वी एकदा खाली काढून पाहावे, त्यावर नाव असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे, आणि मग काय ते ठरवावे, एवढीच माझी विनंती आहे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २