तारापूरचा एल्गार : कोण पडले, कोण उरले
उत्तर कोकणचे रणांगण – लेखांक ६

मागच्या लेखात केळवे-माहीमचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला, तिथे आपण थांबलो होतो. तो जानेवारी १७३९ चा महिना. माहीमपाठोपाठ केळवे आणि शिरगावही पडले आणि चिमाजी अप्पांच्या फौजेने किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत तारापूरला वेढा घातला. आज बोईसर स्टेशनवर उतरणाऱ्या गर्दीचा ओघ एमआयडीसीकडे नाहीतर अणुवीज केंद्राकडे असतो. तारापूर गावाजवळ या परिसरातली सर्वांत चिवट झुंज झाली, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढच्या दोन शतकांत दमणपासून वसईपर्यंत त्यांनी किनाऱ्यावर किल्ल्यांची आणि चौक्यांची साखळीच उभी केली. मार्च १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी जिंकली, तरी वसई उभी होती आणि तिला उत्तरेचा आधार होता. तो आधार काढून घ्यायचा, मग वसईला हात घालायचा, असा अप्पांचा बेत. माहीमवर १७३८ मध्ये मराठ्यांना मार खावा लागला होता, त्यामुळे या खेपेला तयारी कसून होती.

तारापूरला तोफांपेक्षा भिस्त सुरुंगांवर होती. गोळ्यांच्या माऱ्यात मोर्चे तटाशी भिडवायचे, तिथून पायाखाली भुयार खणायचे, त्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. काम सावकाशीचे आणि जिवावरचे. चारपैकी दोन सुरुंग नीट उडाले. एका बुरुजाला आणि तटाच्या भिंतीला मोठी खिंडारे पडली आणि एल्गार झाला. पुढे होते बाजी भिवराव रेठरेकर, रामचंद्र हरी, यशवंतराव पवार आणि तुकोजी पवार.

एवढे होऊनही किल्ला पडेना. आतल्या शिबंदीने खिंडार असे अडवून धरले की मराठ्यांना पाऊल पुढे टाकता येईना. कोंडी फुटली ती दुसऱ्या बाजूने. राणोजी भोसल्यांची माणसे तट चढून आत उतरली आणि फिरंग्यांवर मागून तुटून पडली. त्यानंतरही हातघाईची लढाई चाललीच. शत्रू शेवटपर्यंत कसा झुंजला, याची मोकळी दाद खुद्द चिमाजी अप्पांनी आपल्या पत्रात दिली आहे.

याच धुमाळीत बाजी भिवराव पडले. गोळी तोंडात लागली.

रेठरेकर हे पेशव्यांचे नुसते सरदार नव्हते. बाजीराव आणि बाजी भिवराव यांचा बालपणापासूनचा स्नेह होता. त्यामुळे विजयाच्या बातमीबरोबर पेशव्यांच्या घरी सुतकही आले. बाजींच्या आईला, वेणूबाईंना, पेशव्यांच्या घरून सांत्वनाचे पत्र गेले. त्याचा आशय असा : तुमचा मुलगा गेला तसा आमचा भाऊ गेला, आता त्याच्या जागी आम्हालाच तुमचे लेकरू समजा. राजकारणाची, हुंड्यांची आणि घोड्यांची पत्रे लिहिणाऱ्या हातांनी लिहिलेला हा मजकूर पेशवाईच्या कागदपत्रांत वेगळाच उठून दिसतो.

पडलेल्या मोठ्या माणसांची मोजदाद सगळीकडेच होते, पण ती करण्यामागचे कारण मात्र जागोजाग बदलते. मध्ययुगीन स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या लढायांत ते कारण बहुतेकदा पैशाचे असे. १३४६ साली नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा दुसरा डेव्हिड इंग्रजांच्या हाती सापडला. मोरेचा अर्ल रणात पडला, फाइफ आणि मेंटीथचे अर्ल कैद झाले. राजाला पकडणाऱ्या जॉन कूपलंडला सालाना ५०० पौंडांची नेमणूक मिळाली. डेव्हिड अकरा वर्षे कैदेत राहिला आणि १३५७ मध्ये १ लाख मार्कांच्या खंडणीच्या करारावर सुटला. मेंटीथला मात्र इंग्रजांनी राजद्रोही ठरवून देहदंड दिला. त्याआधी १३१४ मध्ये बॅनकबर्नला फासे उलटे पडले होते. त्या लढाईनंतर हाती सापडलेल्या हेरफर्डच्या अर्लच्या बदल्यात रॉबर्ट ब्रूसने आपली राणी आणि मुलगी इंग्रजांच्या कैदेतून सोडवून घेतल्या. असा उमराव जिवंत हाती लागणे म्हणजे घबाडच.

मराठ्यांनाही हा हिशेब अनोळखी नव्हता, फक्त तो एकदा अंगाशी आला. १७६१ मध्ये पानिपतावर जनकोजी शिंदे जखमी होऊन शत्रूच्या हाती लागले. त्यांना लपवून ठेवून खंडणीची बोलणी चालू होती. त्याचा सुगावा लागताच, प्रकरण दडपण्यासाठी त्यांना ठार करण्यात आले.

तारापूरच्या बाजूने पाहिले तर मराठी दप्तरात नाव चढण्याचे कारण निराळे दिसते. लढाईत कामी आलेल्याच्या घराला पेशवाईत बालपरवेशी मिळे, म्हणजे मागे राहिलेल्या बायकामुलांच्या पोटापाण्याची नेमणूक. त्यासाठी कोण, कुठे, कोणत्या पथकात पडला हे लिहून ठेवावेच लागे. सरदाराचा सरंजाम मुलाकडे चालवायचा तरी तेच. सुरुंगाचे भुयार खणणारे बेलदार आणि खिंडारात पहिल्या धडकेला गेलेले शिपाई यांच्या वाट्याला मात्र आईच्या नावाने गेलेले असे पत्र आले नाही. मोहिमेच्या वृत्तांतात ते आकड्यांतच उरले.

पोर्तुगीजांनीही या युद्धात बडी माणसे गमावली. त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचा कारभार ‘उत्तरेचा जनरल’ पाही. या पदावरचा पेद्रू द मेलू १७३८ च्या अखेरीस ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात मारला गेला. त्याच्या जागी आलेला मार्तिन्यू द सिल्व्हैरा काही महिन्यांतच वसईच्या वेढ्यात ठार झाला. लागोपाठ दोन सेनापती गेल्यावर सूत्रे आली ती कायतानू द सौझा परैराकडे आणि मे १७३९ मध्ये शरणागतीच्या तहावर सही करण्याची पाळीही त्याच्यावरच आली.

तारापूर पडल्याचा परिणाम लगेच दिसला. दमण आणि वसई यांच्यामधला किनारा मराठ्यांच्या ताब्यात आला, आतल्या बाजूचा अशेरीगडही त्याच सुमारास हाती लागला आणि वसई उत्तरेकडून एकटी पडली. तारापूरचा किल्ला पुढे पेशव्यांनी विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांना इनाम दिला.

वसईच्या मोर्चांवर या मोहिमेतली सर्वांत मोठी मनुष्यहानी झाली. एकट्या त्या वेढ्यात मराठ्यांचे ५,००० हून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. तरीही किल्ला हाती येताच चिमाजी अप्पांनी आतल्या फौजेला कैद केले नाही. हत्यारे आणि कुटुंबकबिल्यासह बाहेर पडण्याची मुभा त्यांना देण्यात आली. इतकी माणसे गमावल्यावर असा तह का झाला आणि त्याची कलमे कोणती होती, ते पुढच्या लेखात.