लाहोर येथील अनारकलीचा मकबरा : कबर, कोठी, गिरजाघर, दप्तरखाना

लाहोर शहरात पंजाब सरकारच्या सचिवालयाच्या आवारात एक अष्टकोनी, घुमटाकार वास्तू आहे. कोपऱ्यांवर बुरुजांसारखे लहान घुमट, मधोमध मोठा घुमट व आत आठ भरभक्कम कमानी, अशी तिची रचना आहे. लोक तिला अनारकलीचा मकबरा म्हणतात. 'मकबरा' हा अरबी शब्द 'कबर' याच धातूपासून झाला असून आरंभीचा 'म' तेथे स्थानवाचक आहे. 'मकतब', 'मदरसा', 'मशीद' या मराठीत रुळलेल्या शब्दांतही तोच 'म' आढळतो. अर्थात मकबरा म्हणजे कबरीचे स्थान. परंतु या मकबऱ्याची मौज अशी की, येथील कबरीचा दगड आज आपल्या मूळ स्थानी नाही. आणि ज्या नावाने मकबरा ओळखला जातो, ते नावही त्या दगडावर नाही.

दगड शुभ्र संगमरवराचा असून त्यावर अल्लाच्या नव्याण्णव नावांचे अत्यंत नाजूक कोरीव काम आहे. मोगलकालीन शिल्पलेखनाच्या उत्कृष्ट नमुन्यांत त्याची गणना करण्यास हरकत नाही. याशिवाय एक फारसी द्विपदी आहे. प्रियेचे मुख पुनश्च एकवार पाहावयास मिळाले तर प्रलयकाळापर्यंत ईश्वराचे आभार मानीन, असा तिचा आशय आहे. हिजरी १००८ आणि १०२४, म्हणजे इ. स. १५९९-१६०० आणि १६१५-१६, अशी दोन वर्षेही कोरलेली आहेत. पहिले मृत्यूचे व दुसरे वास्तू पूर्ण झाल्याचे, असा अर्थ सामान्यतः लावतात.

तथापि सर्वांत महत्त्वाचे शब्द तीनच आहेत : मजनून, सलीम, अकबर. 'मजनून' म्हणजे मुळात जिनांनी झपाटलेला; पुढे लैलेच्या कथेमुळे प्रेमाने वेडावलेला. उरलेल्या दोन नावांचा संबंध फारसीत 'इजाफत' या ऱ्हस्व स्वराने जोडला जातो, पण तो लिपीत सहसा लिहिला जात नाही; वाचणाराने तो मनाने घालून 'सलीम-इ-अकबर', म्हणजे अकबराचा पुत्र सलीम, असे वाचावयाचे असते. आपल्याकडे 'शिवाजी शहाजी' असे म्हटले की षष्ठीचा प्रत्यय नसतानाही बापलेकाचे नाते कळते, तसेच हे. तेव्हा शोक करणारा कोण हे दगड स्पष्ट सांगतो. तो कोणासाठी शोक करीत आहे, याविषयी मात्र अक्षर नाही.

ही रिकामी जागा लोककथेने फार लवकर भरून काढली. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी इ. स. १६११ मध्ये लाहोरात होता, आणि तेव्हा मकबऱ्याचे काम चालू होते. चौरस, तटबंद बागेच्या मध्यभागी दगडी मकबरा बांधण्याची जहांगिराची आज्ञा असल्याचे तो लिहितो. त्याच्या मते ही कबर अकबराच्या एका पत्नीची, शाहजादा दानियालच्या मातेची होय. सलीमशी तिचे संबंध असल्याचे कळताच अकबराने तिला भिंतीत जिवंत चिणविले. म्हणजे ही चिणण्याची कथा इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या 'अनारकली' नाटकाने किंवा १९६० च्या 'मुघल-ए-आझम' चित्रपटाने निर्माण केलेली नव्हे. जहांगिराच्या हयातीतच ती लाहोरच्या बाजारात फिरत होती. उलट पक्षी, अबुल फजलच्या ग्रंथात वा जहांगिराच्या आत्मचरित्रात अनारकलीचा उल्लेख नाही.

फिंचने तिचे नाव 'इम्मॅक केल' अशा काहीशा ध्वनीने उतरविले आहे व त्याचा अर्थ 'डाळिंबाचा दाणा' असा दिला आहे. कानाने ऐकलेल्या 'अनार कली'चा हा अपभ्रंश आहे, यात शंका नाही. 'कली'चा 'दाणा' करण्यात मात्र त्याची चूक झाली. पण भाषाभ्यासकाला अधिक विचार करावयास लावते ती या नावाची घडण. 'अनार' फारसी आणि 'कली' संस्कृत 'कलिका'पासून आलेला देशी शब्द. मोगल जनान्यातील प्रसिद्ध पदव्या, उदाहरणार्थ नूरजहान, फारसी-अरबी शब्दांच्या असत. डाळिंबाचे फूलच अभिप्रेत असते तर फारसीत 'गुलनार' हा तयार शब्द होता. 'अनारकली' या समासाला दरबारापेक्षा लाहोरच्या गल्लीचा वास अधिक येतो. मुहंमद बाकिर यांनी १९५२ च्या आपल्या लाहोरविषयक ग्रंथात, हे मुळात बागेचे नाव असावे व बागेवरून ते कबरीला चिकटले असावे, असे मत मांडले आहे. फिंचने १६११ मध्येच ते स्त्रीचे नाव म्हणून ऐकले होते, ही त्यातील अडचण. पण तीही मोठी नव्हे, कारण बागेच्या नावाची बाई करावयास लोकांना बारा वर्षे पुष्कळ झाली.

कथेला खरा धक्का बसतो तो दगडावरील वर्षानेच. अकबर १५९८ च्या अखेरीस लाहोर सोडून निघाला, आणि हिजरी १००८ मध्ये तो दक्षिणेच्या मोहिमेवर होता. त्याच मोहिमेत, १६०० मध्ये, अहमदनगर पडले व चांदबिबीचा अंत झाला. सलीमही त्या सुमारास मेवाडच्या मोहिमेसाठी अजमेरकडे होता. म्हणजे १००८ हे मृत्यूचे वर्ष मानल्यास बापाने लाहोरात बसून भिंत बांधविली ही गोष्ट टिकत नाही. सलीमची पत्नी व परवेझची माता साहिब-ए-जमाल ही १५९९ च्या सुमारास मरण पावली; कबर तिची असावी हे काही इतिहासकारांचे मत मला अधिक ग्राह्य वाटते. आपल्या विवाहित पत्नीसाठी राजपुत्राने 'मजनून' अशी सही करू नये, असा काही नियम नाही.

मोगल सत्ता ओसरल्यावर मकबऱ्याचे दुसरे आयुष्य सुरू झाले. शीख राजवटीत तो रणजितसिंहाचा पुत्र खडकसिंह याच्या निवासासाठी वापरला गेला, व पुढे इटालियन सेनापती व्हेंतुरा याच्या ताब्यात आला. व्हेंतुरा १८२२ मध्ये लाहोरास आला होता. त्याची कोठी शेजारीच होती आणि मकबऱ्यात त्याचा जनानखाना असे. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर कोठीच्या परिसरात इंग्रजांचा कारभार वाढला आणि १८५१ पासून मकबऱ्यात ख्रिस्ती उपासना होऊ लागली. १८५७ मध्ये संत जेम्सचे गिरजाघर म्हणून त्याचा विधिपूर्वक संस्कार झाला. उपासकांना बसावयास मधली जागा हवी, म्हणून संगमरवरी दगड उचलून एका बाजूस ठेवण्यात आला. मूळच्या मोकळ्या कमानी बुजविल्या गेल्या, भिंतींवर चुन्याचा हात फिरला. १८९१ मध्ये गिरजाघर हलले व तेथे सरकारी दप्तरखाना आला; दगड मात्र परत मध्यभागी आला नाही.

या फेरफारांबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण रावीपलीकडे शाहदऱ्यास असफखान व नूरजहान यांचे मकबरे पाहावेत. तेथे कोणी राहिले नाही, कोणी प्रार्थना केली नाही, आणि त्यांचे संगमरवर शीख काळात काढून नेले गेले. येथील दगड कोपऱ्यात गेला, पण अक्षरासकट राहिला. माझ्या मते, वापरणारांनी ही वास्तू विद्रूप केली आणि वापरणारांमुळेच ती उरली. ही दोन्ही विधाने एकत्रच करावी लागतात.

'दप्तर' हा शब्द पेशवे दप्तरामुळे मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. तो ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कातडे, यापासून फारसीत व तेथून आपल्याकडे आला. लाहोरच्या या दप्तरखान्यात रणजितसिंहाच्या दरबाराचे फारसी कागद होते. शिकस्ता लिपीतील त्या सुट्या कागदांच्या रुमालांची सूची सीताराम कोहली यांनी तयार केली आणि ती १९१९ व १९२७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली. त्यांत लष्कराच्या पगाराचे हिशेब आहेत, आणि व्हेंतुराच्या पलटणींचे कागदही आहेत. ज्या घुमटाखाली एके काळी त्याचा जनानखाना होता, तेथेच त्याच्या शिपायांच्या पगाराचे तक्ते बांधून ठेवलेले होते. फाळणीनंतर हे दरबारी कागद भारताच्या वाट्यास येऊन पूर्व पंजाबात गेले. दगड लाहोरातच, आपल्या बाजूच्या जागी आहे.