रोममध्ये शिजलेलं व्हिएतनाम

क्वेन्टिन टॅरँटिनोचा ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. नसेल, तर हॉस्टेलमध्ये कुणाच्या तरी हार्ड डिस्कमध्ये तो सापडेलच. त्यातला थिएटरच्या लॉबीतला सीन आठवा. ब्रॅड पिट आणि त्याचे दोन साथीदार इटालियन असल्याची बतावणी करत नाझी कर्नलसमोर उभे आहेत. कर्नल अस्खलित इटालियन बोलतो आणि यांची पार भंबेरी उडते. कर्नल नाव विचारतो, तेव्हा त्यातला एक जण हातवारे करत म्हणतो, ‘अँटोनियो मार्गेरिती’. कर्नल ते नाव त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतो. आपण हसतो आणि विसरून जातो.

पण गंमत म्हणजे हे नाव बनावट नाही. अँटोनियो मार्गेरिती (१९३०-२००२) हा रोमचा खराखुरा दिग्दर्शक. टॅरँटिनोने ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलीवूड’मध्येही त्याला सलाम ठोकलाय. आणि १९८०च्या दशकात याच मार्गेरितीने आणि त्याच्या इटालियन भाईबंदांनी एक अजब धंदा केला. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये लढलेल्या युद्धावर, अमेरिकी नावं लावून, फिलिपिन्सच्या जंगलात, कमी बजेटचे सिनेमे काढले. एकापाठोपाठ एक. इटलीचा या युद्धाशी संबंध काय? तर काहीही नाही!

‘शिकारी’ नंबर दोन

तेव्हाच्या इटालियन सिनेमावाल्यांचं एक साधं गणित होतं. एखादा सिनेमा चालला की त्याची ‘शीर’ सापडली म्हणायचं आणि ती संपेपर्यंत खणत राहायचं. त्यांचा त्यासाठीचा शब्दच ‘फिलोने’, म्हणजे खाणीतली धातूची शीर. १९५८मध्ये ‘हर्क्युलिस’ चालला, मग पिळदार दंडांच्या पौराणिक वीरांची रांग लागली. १९६४मध्ये सर्जिओ लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ आला आणि स्पॅगेटी वेस्टर्नची लाट उसळली. जॉर्ज रोमेरोचा ‘डॉन ऑफ द डेड’ इटलीत ‘झोंबी’ नावाने लागला, तर लुचिओ फुल्चीचा सिनेमा १९७९मध्ये ‘झोंबी २’ म्हणून हजर. पहिल्या भागाशी त्याचं काडीचंही नातं नव्हतं.

१९७८मध्ये ‘द डिअर हंटर’ आला. त्याने पाच ऑस्कर नेली. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा ‘अपोकॅलिप्स नाऊ’. म्हणजे नवी शीर सापडली होती. ‘डिअर हंटर’चं इटलीतलं नाव होतं ‘इल काचातोरे’, अर्थात ‘शिकारी’. मार्गेरितीने १९८०मध्ये काढलेल्या सिनेमाचं नाव? ‘लुल्तिमो काचातोरे’. शेवटचा शिकारी! जगभर तो ‘द लास्ट हंटर’ म्हणून विकला गेला.

त्याची गोष्ट ऐकाल तर चकित व्हाल. अमेरिकी सैनिकांचं मनोबल खच्ची करणारं एक रेडिओ केंद्र शत्रूच्या मुलुखात दडलंय आणि ते उडवायला एक कॅप्टन निघालाय. अधिकारी, जंगल, दर टप्प्यावर वाढत जाणारा वेडेपणा… अगदी बरोबर, हा ‘अपोकॅलिप्स नाऊ’चाच प्रवास आहे. नाव एकाचं, गोष्ट दुसऱ्याची. एका तिकिटात दोन सिनेमे!

नाव बदला, खपवा

आता हा माल अमेरिकेत, युरोपात, आशियात विकायचा तर पोस्टरवर इटालियन नावं कशी चालतील? म्हणून मार्गेरिती झाला ‘अँथनी एम. डॉसन’. ब्रुनो मात्तेई झाला ‘व्हिन्सेंट डॉन’. फाब्रित्सिओ दे आंजेलिस झाला ‘लॅरी लडमन’. हिरो म्हणून हॉलीवूडमध्ये फारसं काम न मिळणारे किंवा उतरणीला लागलेले चेहरे घ्यायचे. ‘लास्ट हंटर’चा नायक डेव्हिड वॉरबेक तर मुळचा न्यूझीलंडचा. इटलीत सेटवरचा आवाज रेकॉर्ड करायची पद्धतच नव्हती. प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलायचा आणि नंतर स्टुडिओत सगळ्यांना इंग्रजी, इटालियन, हवी ती भाषा चिकटवायची. म्हणून या सिनेमांत ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच पडतं.

स्फोट मात्र भारी! मार्गेरिती छोट्या मॉडेल्सचा उस्ताद होता. पडद्यावर उडालेला पूल कधी कधी टेबलावर मावेल एवढाच असायचा.

आणि हे बघायचं कोण? घरी आई-बाबांना विचारा. व्हीसीआर भाड्याने आणून एका रात्रीत तीन-तीन कॅसेटी संपवण्याचा तो काळ. जगभरच्या व्हिडिओ लायब्रऱ्यांना रॅक भरायला माल हवा होता. कव्हरवर हेल्मेट, मशीनगन आणि मागे जाळ दिसला की काम झालं.

जंगल तेच, भाड्याचं

शूटिंग फिलिपिन्सलाच का, याचं उत्तर पुन्हा कपोलापाशी येतं. ‘अपोकॅलिप्स नाऊ’चं शूटिंग १९७६-७७मध्ये तिथेच झालं. वादळाने सेट उद्ध्वस्त केले. हुकूमशहा मार्कोसच्या सैन्याने दिलेली हेलिकॉप्टरं शूटिंगच्या मधूनच देशातल्या खऱ्या बंडखोरांशी लढायला उडून जायची. पण त्या दीर्घ शूटिंगने फिलिपिन्सच्या तंत्रज्ञांना युद्धपट कसा करतात हे शिकवलं. जंगल होतं, भातखाचरं होती, मजुरी स्वस्त होती, इंग्रजी समजणारी माणसं होती. इटालियन निर्मात्यांना आणखी काय पाहिजे? पुढे १९८६चा ‘प्लाटून’ही तिथेच शूट झाला.

त्यामुळे एक विचित्र प्रकार झाला. या सिनेमांत दिसणारे ‘व्हिएतनामी’ बहुतेक फिलिपिनो आहेत. गोळी लागली की हात वर करून पडायचं, टेक संपला की उठायचं, पुढच्या टेकला पुन्हा मरायचं. त्यांना नाव नाही, संवाद नाही. अमेरिकनांच्या भूमिकेत अर्धे युरोपियन, व्हिएतनामींच्या भूमिकेत फिलिपिनो आणि कॅमेऱ्यामागे इटालियन. व्हिएतनाम फक्त नावापुरतं.

डिस्नेलँड कसं असतं?

१९८५मध्ये ‘रॅम्बो : फर्स्ट ब्लड पार्ट टू’ने गल्ला गोळा केला आणि शीर पुन्हा उघडली. आता रॅम्बोचे मावसभाऊ आले. फाब्रित्सिओ दे आंजेलिसच्या ‘कोब्रा मिशन’मध्ये (१९८६) काही माजी सैनिक अजून कैदेत असलेल्या अमेरिकनांना सोडवायला व्हिएतनामला परततात. त्यांच्यातला एक नट होता इथन वेन, म्हणजे जॉन वेनचा मुलगा. वास्तवात १९७३च्या करारानंतर ५९१ अमेरिकी कैदी परतले होते. आणखी कुणी जिवंत मागे राहिल्याचा ठोस पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकी सिनेटच्या समितीने १९९३मध्ये काढला. पण तोवर कैदी सोडवण्याचं मिथक कॅसेटींवर कॅसेटी विकून मोकळं झालं होतं.

या सगळ्यांचा बादशहा मात्र ब्रुनो मात्तेईचा ‘स्ट्राइक कमांडो’ (१९८७). मात्तेई म्हणजे नकलेतला कहर माणूस. कॅमेरॉनचा ‘टर्मिनेटर २’ १९९१मध्ये आला, पण त्याआधीच मात्तेईचा एक सिनेमा इटलीत ‘टर्मिनेटर २’ नावाने तयार होता. आणि त्यात नक्कल होती ‘एलियन्स’ची! ‘स्ट्राइक कमांडो’चा नायक रेब ब्राऊन. मार्व्हलवाल्यांनो, हाच माणूस १९७९च्या टीव्ही फिल्म्समध्ये कॅप्टन अमेरिका होता. इथे तो मशीनगन चालवताना इतका ओरडतो की गोळ्यांपेक्षा शत्रू आवाजानेच मरेल असं वाटतं.

मित्रांच्या घोळक्यात बघाल तर हसून हसून पोट दुखेल. पण त्यात एक सीन आहे, तिथे जरा थांबा. नायकाला आसरा देणाऱ्या गावाची कत्तल झालीय. लाओ नावाचा छोटा मुलगा त्याच्या कुशीत प्राण सोडतोय. मरताना तो काय विचारतो? डिस्नेलँड कसं असतं ते सांग. आणि नायक रडत रडत डिस्नेलँडचं वर्णन करतो.

हा सीन ‘वाईट सिनेमा’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. मीही पहिल्यांदा हसलोच. दुसऱ्यांदा पाहताना हसू अडकलं. कारण या अख्ख्या सिनेमात एका व्हिएतनामी मुलाला नाव मिळालंय, एक इच्छा मिळालीय, आणि ती इच्छा काय, तर अमेरिका बघण्याची! त्याला आई आठवत नाही, गाव आठवत नाही, सुकलेला घसा आठवत नाही.

बरं, हे फक्त मात्तेईचं पाप आहे का? ‘डिअर हंटर’मध्ये व्हिएतनामी सैनिक कैद्यांना रशियन रुलेट खेळायला लावतात. असा प्रकार घडल्याची नोंद नाही, हे युद्ध कव्हर केलेल्या पत्रकारांनी तेव्हाच सांगितलं होतं. ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये हेलिकॉप्टरं वाग्नरच्या संगीतावर गावावर तुटून पडतात. त्या सिनेमाच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं. ते घेणारा व्हित्तोरिओ स्तोरारोसुद्धा रोमचाच. तो सीन पाहताना अंगावर काटा येतो, पण आपण बसलेलो असतो हेलिकॉप्टरमध्ये. खाली पळणारी माणसं मुंग्यांएवढी.

महागड्या सिनेमात हे चटकन लक्षात येत नाही. प्रकाश सुंदर असतो, अभिनय थोर असतो, आपण भारावतो. स्वस्त नकलेत तो मुलामा नसतो, म्हणून आतला साचा उघडा दिसतो. माझ्या मते हे सिनेमे बघण्याचं खरं कारण हेच. नक्कल करणारा बिचारा मूळ सिनेमाचं गुपित फोडतो.

खालून दिसणारं हेलिकॉप्टर

हसून झालं की एक काम करा. ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्याच वर्षी, १९७९मध्ये, व्हिएतनाममध्येही एक सिनेमा तयार झाला. ‘द अबॅन्डन्ड फील्ड : फ्री फायर झोन’. दिग्दर्शक न्गुयेन होंग सेन. इथलं ‘फ्री फायर’ म्हणजे तुमच्या मोबाइलमधला गेम नव्हे. ज्या भागात दिसेल तो शत्रू समजून गोळी घालायची मुभा अमेरिकी सैन्याला होती, तो हा ‘झोन’.

मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या पुराच्या पाण्यात एक नवरा-बायको आणि त्यांचं तान्हं बाळ राहतं. ना स्लो मोशन, ना आरडाओरडा. भात शिजतो, मासे पकडले जातात, नवरा-बायको भांडतात. आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला की आई-बाप बाळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, तिचं तोंड बांधतात आणि ती घेऊन पाण्याखाली जातात. आवाज जाईपर्यंत. किती वेळ, ते हेलिकॉप्टर ठरवणार.

१९८१मध्ये मॉस्को चित्रपट महोत्सवात या सिनेमाला सुवर्ण पारितोषिक मिळालं. पण आपल्यातल्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलं होतं?

या युद्धात ५८ हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक गेले. १९९५मध्ये व्हिएतनाम सरकारने जाहीर केलेल्या अंदाजानुसार तिकडचे ११ लाख लढवय्ये आणि दोन्ही भागांतले मिळून २० लाख नागरिक गेले. पडद्यावर मात्र नावं पहिल्या आकड्यातल्याच माणसांना मिळाली. दुसरा आकडा ‘एक्स्ट्रा’ म्हणून पडत राहिला, टेक संपल्यावर उठण्यासाठी.

तर मंडळी, वीकेंडला ‘स्ट्राइक कमांडो’ जरूर लावा. पॉपकॉर्न घ्या, रेब ब्राऊन ओरडला की तुम्हीही ओरडा. पण त्याच रात्री दुसरा सिनेमाही लावा. आणि यापुढे कुठल्याही युद्धाचा सिनेमा, गेम किंवा फोनवर फिरणारी क्लिप समोर आली, की स्वतःला एकच प्रश्न विचारा : कॅमेरा कुठे आहे? हेलिकॉप्टरमध्ये, की पाण्यात पिशवी धरून उभ्या असलेल्या आईच्या शेजारी?