गालिचा उलटा करून बघा

'गालिचा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. शंभर वर्षांहून जुन्या इराणी गालिच्याला लोक लाखो रुपये मोजतात. त्यात एवढं काय असतं, ते आज पाहू.

मागावर उभे धागे ताणतात. रंगीत लोकर दोन उभ्या धाग्यांना गुंडाळून गाठ मारायची, टोक कापायचं. ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून फणीनं ठोकायचा, मग पुढची ओळ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबिलचा प्रसिद्ध गालिचा आहे, साडेदहा मीटर लांब. त्यात एका चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ गाठी आहेत. म्हणजे आपल्या वीतभर भाकरीएवढ्या जागेत सोळा हजारांवर गाठी!

जुने रंग झाडापाल्याचे. लाल मंजिष्ठाच्या मुळीचा, निळा निळीचा. आपल्या हट्टा-वसमत भागात हळद मुबलक, पण हळदीचा रंग उन्हात उडतो हे आपल्याला ठाऊक आहे. मंजिष्ठ आणि नीळ मात्र शेकडो वर्षं टिकतात.

हातचा गालिचा ओळखायचा तर उलटा करून बघा. मागच्या बाजूलाही नक्षी स्पष्ट दिसते, गाठी थोड्या लहानमोठ्या असतात. झालर म्हणजे त्याच उभ्या धाग्यांची टोकं. ती वरून शिवलेली नसते.

इराणच्या फार्स भागात भटक्या जमातींचे पुरुष मेंढ्यांची लोकर कातरतात आणि माग उभारतात. सूत कातणं, रंगवणं, विणणं बायांचं. नक्षी कागदावर नसते, डोक्यात असते. मुली आईकडून शिकतात. २०१० साली युनेस्कोनं या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

अर्दबिलच्या गालिच्यात मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, हे साल विणलेलं आहे. गाठी मारणाऱ्या हातांची नावं मात्र त्यात नाहीत.

आपल्या गोधडीचंही तेच होतं. "जुन्या लुगड्यांचीच तर आहे, तिला कसले पैसे?" असं गिऱ्हाईक म्हणतं. गालिचा घेणारा लोकरीचं वजन करत नाही, तो गाठी बघतो. म्हणून गटाच्या वहीत प्रत्येक गोधडीला किती दिवस लागले ते लिहा, आणि भाव सांगताना ती वही पुढे ठेवा. गोधडी उलटी करून टाके दाखवा. आणि शेवटचा टाका घालण्याआधी कोपऱ्यात आपलं नाव आणि साल घाला.