बंद करणे आणि विझवणे

मराठीत दिवा मालवतात, चूल विझवतात आणि पंखा बंद करतात. तिन्ही क्रिया वरवर पाहता एकाच जातीच्या. चालू असलेली गोष्ट थांबवायची, एवढाच त्यांचा हेतू. तरीही भाषेने त्यांना वेगवेगळी क्रियापदे दिली आहेत, आणि ती उगीच दिलेली नाहीत. पंख्याचे बटण दाबले की आपले काम संपते. चुलीचे तसे नसते. जळती लाकडे बाहेर ओढून घ्यावी लागतात, त्यांवर पाणी शिंपडावे लागते, निखारे राखेखाली सारावे लागतात, आणि मग कुठे ती निवत जाते. बंद करणे ही क्षणाची क्रिया आहे. विझवण्याला वेळ द्यावा लागतो.

घरोघर विजेची बटणे आल्यापासून हा भेद आपल्या विस्मरणात चालला आहे. या लेखात ज्या यंत्राची ओळख करून द्यावयाची आहे, ते या विस्मरणाची कठोर परीक्षा घेते. त्याला बटण विजेचे आहे, पण त्याच्या पोटात विस्तव मात्र खऱ्या लाकडाचा आहे. अमेरिकेत घरामागच्या अंगणात अन्न भाजण्यासाठी ते वापरतात. त्याचे नाव पेलेट ग्रिल.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली लहानशी कांडी. तिची जाडी साधारण सहा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पेन्सिलीएवढी असते. भुसा मोठ्या दाबाने साच्याच्या भोकांतून काढला की तो तापतो. त्या उष्णतेने लाकडातच असलेला लिग्निन नावाचा घटक मऊ होतो आणि डिंकाप्रमाणे कणाला कण चिकटवून ठेवतो. १९७३ साली अरब राष्ट्रांनी अमेरिकेला होणारा तेलाचा पुरवठा रोखला, तेव्हा तेथे इंधनाची टंचाई व महागाई झाली आणि अशा दुसऱ्या जळणांकडे लोकांचे लक्ष वळले. प्रथम पेलेटवर घर उबदार ठेवण्याच्या शेगड्या निघाल्या. पुढे १९८० च्या दशकात ऑरेगन राज्यातील माउंट एंजल या गावच्या जो ट्रेगर यांनी याच जळणावर अन्न भाजण्याचे यंत्र तयार केले. त्यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कारखाने या धंद्यात उतरले.

आपल्याकडील जुन्या पिढीला भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली हलकेच काढून घ्यायची आणि राहिलेल्या पोकळीत खालून जाळ घालायचा. ही शेगडी स्वस्त खरी. पण एकदा पेटली की भरलेला भुसा संपेपर्यंत तिला थांबवणे कठीण. पेलेट ग्रिलने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. सगळे जळण एकदम पेटवायचेच नाही. एका बाजूला साठवून ते मूठमूठ वाढायचे.

त्याची रचना अशी असते. ग्रिलच्या एका अंगाला, पिठाच्या गिरणीवर दळण ओततात तशी, पेलेट भरण्याची पेटी असते. पेटीच्या तळाशी आडव्या नळीत लोखंडी मळसूत्र फिरते आणि पेलेट पुढे ढकलत नेऊन मधल्या एका छोट्या लोखंडी वाटीत टाकते. वाटीत विजेने लाल होणारी एक कांडी असते. ती सुरुवातीच्या काही मिनिटांतच पेलेट पेटवते आणि मग तिचे काम संपते. त्यानंतर जाळ टिकतो तो पंख्यामुळे. पंखा वाटीला सतत वारा देतो, आणि तोच वारा उष्णता व धूर अन्नाभोवती खेळवतो. आतील उष्णता मोजणारे एक उपकरण मळसूत्राला हुकूम देत राहते: उष्णता घटली तर अधिक पेलेट, वाढली तर कमी. म्हणजे चुलीपुढे बसून लाकडे मागेपुढे करणाऱ्या गृहिणीचे काम येथे यंत्राने उचलले आहे.

आता मुख्य प्रश्न. अन्न शिजले, ताटे वाढली, पुढे काय?

विस्तव जगण्यासाठी तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि उष्णता. यांपैकी एक काढून घेतली की तो मरतो. प्रत्येक चुलीची विझण्याची रीत, आपण तिचे काय काढून घेतो यावर ठरते. गॅसची तोटी फिरवली की जळण तुटते आणि ज्योत त्याच क्षणी जाते. पंपाच्या स्टोव्हची हवा सोडली की दाब उतरतो व रॉकेल वर चढत नाही. कोळशाच्या शेगडीचे निखारे झाकणाच्या भांड्यात कोंडून ठेवले की हवा तुटते. लाकडावर पाणी मारले की उष्णता जाते. मग पेलेट ग्रिलमध्ये काय काढावे?

सहज सुचणारे उत्तर म्हणजे भिंतीतील विजेची पिनच उपटून टाकावी. नेमके हेच उत्तर चुकीचे आणि धोक्याचे आहे. वीज तोडली की मळसूत्र थांबते, पण त्याबरोबर पंखाही थांबतो. वाटीत त्या वेळी अर्धवट जळलेले पेलेट असतात. वारा नाहीसा झाल्यामुळे त्यांची ज्योत बसते, पण ते विझत नाहीत, धुमसू लागतात. धुमसणारे लाकूड थोड्या हवेवरही दीर्घकाळ तग धरते. वाटीपासून पेटीपर्यंत नळीत पेलेटची अखंड रांग असते. वाऱ्याचा पुढे वाहणारा झोत थांबल्यामुळे धूर आणि उष्णता त्या नळीत मागे शिरू शकतात, आणि विस्तव पेलेटमागून पेलेट पेटवत साठ्याच्या पेटीपर्यंत पोहोचू शकतो. भरलेली पेटी पेटली म्हणजे घरालगत भुशाचे कोठार पेटल्यासारखेच. ग्रिल पुष्कळदा लाकडी ओसरीवर किंवा भिंतीशेजारी उभी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीची किंमत कळते.

दुसरा धोका लगेच दिसत नाही. तो पुढच्या खेपेस उभा राहतो. वाटीत राहिलेले पेलेट आणि राख तशीच ठेवून पुन्हा ग्रिल पेटवली, तर त्या ढिगावर आणखी पेलेट पडतात. प्रथम नुसता दाट धूर होतो. हा धूर म्हणजे न जळलेले ज्वलनशील वायूच. झाकणाखाली ते साठतात आणि एकाएकी पेट घेतात. झाकण धाडकन उडते, आणि जवळ वाकून पाहणाऱ्याचा चेहरा भाजू शकतो.

म्हणून योग्य रीत उलटी आहे. येथे जळण तोडायचे, पण हवा चालू ठेवायची. एरवी वारा विस्तव फुलवतो असे आपण मानतो, आणि येथे तोच वारा विस्तव संपवतो! ग्रिलवर विझवण्याचा स्वतंत्र टप्पा निवडण्याची सोय असते. तो निवडला की मळसूत्र थांबते, मात्र पंखा चालू राहतो. वाटीतले उरलेसुरले पेलेट त्या वाऱ्यावर भडभडून जळतात आणि त्यांची राख होते. पुढे जळण येत नसल्याने विस्तव आपोआप उपाशी मरतो. या क्रियेला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात. मग पंखा स्वतःहून थांबतो, आणि त्यानंतरच वीज तोडावी. काही जुन्या बनावटींत ही सोय वेगळ्या प्रकारची असते, तेव्हा आपल्या ग्रिलबरोबर आलेली पुस्तिका वाचणे हेच शहाणपणाचे.

या अवधीत झाकण मिटलेले असावे आणि माणूस जवळपास असावा. पंखा थांबला तरी लोखंड तापलेलेच असते, म्हणून पावसाचे आच्छादन ग्रिल पूर्ण निवल्यावरच घालावे. दीर्घकाळ वापर नसेल तर पेटी रिकामी करावी. ओल लागली की पेलेट फुगून पुन्हा भुसा होतात, आणि तो भुसा नळीत घट्ट बसून मळसूत्र अडवतो.

या नियमाला एक अपवाद आहे. भाजताना ठिबकलेल्या चरबीने आत पेट घेतला, तर पंख्याचा वारा त्या जाळाला बळ देतो. अशा वेळी वीज तोडावी, झाकण मिटलेलेच ठेवावे, आणि पाणी मुळीच ओतू नये. तापलेल्या चरबीवर पाणी पडले की त्याची क्षणात वाफ होते आणि जळती चरबी चहूकडे उडते. विस्तव साठ्याच्या पेटीत शिरल्याचे दिसले, तर माणसांना दूर करून अग्निशामक दलाला बोलवावे. मूळ तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच: कोणता विस्तव कशावर जगतो आहे, हे आधी ओळखावे.

स्वयंपाक चालू असतानाच वीज गेली तर? वाटीत एका वेळी थोडेच पेलेट असतात, एवढाच दिलासा. झाकण मिटून ठेवावे, आसपासचे जळाऊ सामान हलवावे आणि ग्रिल निवेपर्यंत तिच्यावर नजर ठेवावी. वीज परत आली म्हणून तसेच बटण दाबू नये. आधी निवलेली वाटी रिकामी करावी, मगच नव्याने पेटवावे.

राखेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. चांगल्या पेलेटची राख वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी पडते, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण राखेखालचा निखारा हा आपल्या भाषेतला केवळ अलंकार नव्हे. तो भौतिक सत्य आहे. राख उष्णता धरून ठेवते आणि हवा बेताची पोचू देते. पूर्वी रात्री निखारे राखेत पुरून सकाळी त्यांवरच चूल पेटवीत, ती याच गुणाच्या जोरावर. जो गुण तेव्हा काडीपेटीचा खर्च वाचवी, तोच येथे घर जाळू शकतो. तेव्हा राख पूर्ण निवल्यावरच काढावी, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरावी आणि तो डबा घरापासून निदान दहा फुटांवर ठेवावा, असा सल्ला तेथील अग्निसुरक्षा संस्था देतात. कागदी पिशवी, प्लॅस्टिकची बादली किंवा विजेचा केर ओढणारा झाडू कोमट राखेसाठी कधीही वापरू नये.

आणखी एक शत्रू आहे, आणि तो दिसत नाही. धुमसणाऱ्या लाकडा-कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जुळतो, आणि माणूस झोपेतच जातो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा उबेसाठी कित्येकांनी कोळशाच्या ग्रिल घरात घेतल्या. या वायूने अनेकांना विषबाधा झाली, काही मृत्युमुखी पडले. आपल्याकडे उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने असे बळी घेतल्याच्या बातम्या येतातच. ‘बंद केली आहे’ म्हणून अर्धवट विझलेली ग्रिल पावसापासून वाचवायला मोटारखान्यात ढकलणे, ही त्याच जातीची चूक.

पेलेटचा आणि महाराष्ट्राचा संबंध अगदीच नाही असे मात्र नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि ब्रिटिश पेट्रोलियम यांच्या प्रयत्नांतून २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची घरगुती शेगडी निघाली व महाराष्ट्रातही विकली गेली. पुढे पुण्याच्या एका कंपनीने तो व्यवसाय हाती घेतला. शेतातील टाकाऊ पदार्थांचे पेलेट आणि बॅटरीवरचा छोटा पंखा, ही तिची मुख्य अंगे. तीत मळसूत्र नव्हते, पेलेट एकदमच भरावे लागत. म्हणून स्वयंपाकाच्या बेताने जळण मोजून भरणे हीच तिला वेळेवर विझवण्याची खरी युक्ती. म्हणजे तिचे विझणे पेटवण्यापूर्वीच ठरत असे.

सारांश, यंत्र कितीही नवे असले तरी त्यातला अग्नी जुनाच आहे. पेटवण्याचे श्रम बटणाने वाचवले. पण विझण्याला लागणारा वेळ कोणत्याही बटणाला कमी करता येत नाही. जेवायला बसण्याची घाई, पाहुण्यांची वर्दळ आणि दमलेले हात, या सगळ्यांतून ती पंधरा-वीस मिनिटे काढणे हा स्वयंपाकाचाच शेवटचा भाग समजावा. वाढून झाले म्हणजे रांधणे संपले असे नव्हे. विस्तव निवला म्हणजे ते संपते.