चौदा दिवस सागराचे, चौदा दिवस सह्याद्रीचे

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील निमगाव सावा हे कुकडीच्या परिसरातील शेतीचे गाव. येथून पश्चिमेकडे निघाले की सपाट शेते मागे पडतात, शिवनेरी दिसू लागतो आणि पुढे नाणेघाटाजवळ जीवधनचा कातळ उभा ठाकतो. जीवधनला लागून असलेला वानरलिंगी हा सुमारे साडेतीनशे फुटांहून उंच सुळका प्रस्तरारोहकांचे मोठे आकर्षण आहे. याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत अरबी समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये तेथे तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. समुद्रातील ही नोकरी आणि सह्याद्रीतील हा छंद या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही.

तेलफलाटावरील कामाची सर्वपरिचित पद्धत म्हणजे चौदा दिवस काम व चौदा दिवस सुटी. कामाच्या दिवसांत रोज बारा तासांची पाळी असते. ती दिवसाची असेल किंवा रात्रीची. रविवार नाही, सण नाही, घरी फेरी नाही. बाहेरून पाहणाऱ्यास वर्षातील सहा महिने सुटीच दिसते. परंतु त्या सुटीचे पहिले दोन दिवस झोपेची बाकी चुकवण्यातच जातात. रात्रपाळी संपवून उतरलेला माणूस दुसऱ्याच पहाटे दोर घेऊन कड्याखाली उभा राहिला, तर ते धाडस नव्हे, अविचार ठरतो. थकलेला हात गाठ बांधतो खरा, पण थकलेली नजर ती तपासत नाही.

उरलेल्या दिवसांवर आणखी हक्कदार असतात. वृद्ध आईवडिलांची औषधे, मुलांच्या शाळा, रखडलेली बँकेची कामे, नात्यातील लग्नकार्ये हे सारे त्याच चौदा दिवसांत बसवायचे. त्यात समुद्र खवळला, हेलिकॉप्टर उडाले नाही किंवा बदली माणूस आला नाही, तर सुटी दोन दिवस आखडते. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. म्हणजे आरोहणाचा खरा हंगाम दिवाळीनंतरचे काही महिनेच. गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण घ्यायचे म्हटले, तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रमच सुमारे चार आठवड्यांचा. एका सुटीत तो मावत नाही. त्यासाठी वर्षभर रजा साठवावी लागते आणि घरच्यांची संमतीही.

असे असूनही या दोन जगांत एक जवळचे नाते आहे. तेलफलाटावर लेखी परवान्याशिवाय धोक्याचे काम सुरू होत नाही; उंचीवर चढणाऱ्याचा पट्टा आधी तपासला जातो; कामापूर्वी सर्वांना धोके समजावले जातात. कड्यावरही तेच. हेल्मेट, पट्टा, गाठ व कॅराबिनर दोघांनी एकमेकांचे तपासल्याशिवाय पहिले पाऊल उचलायचे नाही. साधने मात्र एकाची दुसऱ्यास चालत नाहीत. आघाडीच्या आरोहकाचा दोर पडण्याचा झटका झेलण्यासाठी ताणला जाणारा असतो. कामावरचा ताठ दोर तेथे वापरणे घातक ठरते.

लहानशा गोष्टीतून केवढे संकट ओढवते, याची आठवण मुंबई हायनेच दिली आहे. २७ जुलै २००५ रोजी एका जखमी कर्मचाऱ्यास हलवण्यासाठी आलेली नौका फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळली, आग भडकली आणि २२ जणांचा अंत झाला. सह्याद्रीत तर सुटणारा दगड, वाळलेल्या गवताखालची माती, आग्या मोहोळ हे नेहमीचेच धोके. जोखमीची नोकरी करणाऱ्याने सुटीतही जोखीम का घ्यावी, हा घरच्या माणसांचा प्रश्न म्हणूनच अनाठायी नसतो. ‘मला काही होत नाही’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. कोणाबरोबर जाणार, कोठे चढणार, किती वाजेपर्यंत उतरणार आणि न उतरल्यास कोणास कळवायचे, हे घरी लिहून ठेवणे हेच त्याचे उत्तर.

संस्थेचा आधार मिळाला, तर हा छंद किती उंची गाठतो याचेही उदाहरण आहे. २०१७ मध्ये ओएनजीसीने आपल्या कर्मचाऱ्यांची तुकडी एव्हरेस्टवर पाठवली. अनुभवी गिर्यारोहक लवराजसिंह धर्मशक्तू यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमेत तेल कंपनीत नोकरी करणारी माणसे शिखरापर्यंत पोहोचली. प्रत्येकास अशी रजा व असा खर्च मिळत नाही. परंतु नोकरी आणि पर्वत एकमेकांचे वैरी नाहीत, एवढे त्यातून सिद्ध होते.

व्यापारी कुटुंबास हा हिशेब नवा नाही. दुकानाची वेळ, घराची वेळ आणि मनाची आवड यांची खाती वेगळी ठेवावी लागतात. एका खात्यातील उचल दुसऱ्याने निमूट सोसावी, असे फार काळ चालत नाही. चौदा दिवसांतील तीन दिवस कड्याला, बाकीचे घराला असे आधीच ठरले, की आवड चोरटी राहत नाही. आणि ठरलेल्या दिवशी वारा सुटला किंवा अंग साथ देईना, तर वानरलिंगीच्या पायथ्यावरून परत फिरण्यात कोणतीही नामुष्की नाही. सुळका पुढच्या सुटीतही तेथेच असतो.